मुदत माहीत होती : इंदूरच्या एका वकीलबाईंचं प्रकरण

अपिलाची मुदत हुकली, आपल्याला असा विसर का पडतो हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मी अशा मनाच्या अडचणींवर काम करते, आणि हे प्रकरण प्रौढ वयात ओळखल्या गेलेल्या एडीएचडीचं, म्हणजे लहानपणापासूनच्या अवधानाच्या अडचणीचं आहे. वय ३९, इंदूरच्या जिल्हा कोर्टात दिवाणी दावे चालवतात, स्वतःचं छोटं ऑफिस आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव न घेता मी त्यांना वकीलबाई म्हणते. हे लिहायला त्यांची संमती आहे. मसुदा त्यांनी वाचला आणि कायद्याचा भाग तपासूनही दिला.

दावा एका वयस्कर पक्षकाराच्या सामाईक भिंतीचा होता आणि निकाल विरोधात गेला होता. जिल्हा न्यायाधीशांपुढे अपील दाखल करायला मुदत कायद्यानुसार ३० दिवस मिळतात, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. नक्कल वेळेत आली, अपिलाचा मसुदाही जवळपास तयार होता. कोर्टफीचे तिकीट घ्यायला म्हणून फाईल स्कूटरच्या डिक्कीत ठेवली. पाऊस आला, फाईलवर रेनकोट पडला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दाव्याची पेशी, म्हणजे सुनावणी, निघाली. पक्षकाराच्या मुलाने "अपिलाचा नंबर पडला का?" असं फोनवर विचारलं, तेव्हा मुदत संपून ११ दिवस झाले होते. विलंब माफीचा अर्ज द्यावा लागला. कोर्टाने खर्चासह तो मंजूर केला, अपील दाखल झालं. पक्षकार वाचला, पण बाईंची झोप उडाली.

"मॅडम, विलंब माफीवरचे निवाडे मला तोंडपाठ आहेत," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "मुदत कधी संपते ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. मग माझ्याच हातून हे कसं झालं?" आणि थोड्या वेळाने, जरा आवाज खाली करून: "मावशीला साठीत स्मृतिभ्रंश झाला होता. मला चाळिशीतच लागला का तो?"

या दोन प्रश्नांत सगळं प्रकरण आलं. पहिल्याचं उत्तर शोधायला बरेच दिवस गेले. दुसऱ्याबाबत मी त्यांना लवकर धीर देऊ शकले. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला पुष्कळदा नवी माहिती मनात नीट टिकत नाही. आठवण करून दिली तरी पुष्कळदा "असं झालंच नव्हतं" असं माणूस म्हणतो. बाईंना नुसतं "भिंत" म्हटलं की फाईलचा रंग, नकलेची तारीख, साक्षीदार काय बोलला, सगळं घडाघडा येई. ठेवलेली गोष्ट मनात शाबूत होती. ती नेमक्या वेळी, कोणी न विचारता, समोर येत नव्हती. पुढे करायच्या कामाची आठवण ही मागे घडलेल्याच्या आठवणीहून वेगळी क्षमता आहे, आणि बाईंचं अडत होतं ते तिथे.

घरची परिस्थिती

घर लोकमान्य नगरात. नवरा पीथमपूरच्या एका कारखान्यात, सकाळी लवकर कंपनीच्या बसने जातो. मुलगी सातवीत. सासूबाईंच्या जिवावर घर चालतं, हे बाई स्वतःच सांगतात. घरात त्यांना धांदरट म्हणतात. आधी लाडाने म्हणत, अलीकडे लाड उरला नव्हता. गॅसवर दूध ठेवून फोन घ्यायचा आणि दुधाचा वास आल्यावर धावायचं. शाळेची फी भरायचे पैसे पर्समध्ये घेऊन आठवडाभर फिरायचं. कपाट आवरायला काढायचं, त्यात जुने फोटो सापडले की खाली बसून तेच बघत राहायचं, आणि रात्री झोपायच्या वेळी पलंगावर कपड्यांचा ढीग. कोणी काही सांगत असलं तर निम्म्यातच डोळे दुसरीकडे. नवरा दिवसातून पाच-सहा फोन करून आठवण द्यायचा आणि प्रत्येक फोनचं भांडण व्हायचं.

नवऱ्याचं एक म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं. "उलटतपासणीत ही तीन-तीन तास उभी राहते, एक शब्द निसटू देत नाही. तिथे लक्ष लागतं ना? मग घरी का नाही लागत? म्हणजे मनावर घेत नाही, एवढंच." असं अनेक नवरे म्हणतात, अनेक आईवडील मुलांबद्दल म्हणतात, आणि वरवर ते बिनतोड वाटतं. पण अशा माणसांत लक्षाचा साठाच कमी असतो असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. समोरचा साक्षीदार खोटं बोलतोय, न्यायाधीश ऐकताहेत, पुढचा प्रश्न या क्षणी हवा आहे: अशा जागी काम स्वतःच लक्ष ओढून घेतं. वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर, तिकीट लावणं असं कोणालाच ओढत नाही. इतर लोक अशा नीरस कामाकडे स्वतःला ढकलत नेतात, आणि ते ढकलणंच बाईंना फार महाग पडतं. महत्त्व कळतं म्हणून ते स्वस्त होत नाही. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला आणि मी त्यांना दोष देत नाही. रोज पेटता गॅस बंद करणाऱ्या माणसाला सिद्धान्त पुरत नाही.

आणखी एक गोष्ट कोणीच तक्रार म्हणून सांगितली नव्हती, हळूहळू कळली. बाई कोणाला नाही म्हणत नसत. एखाद्याचं काम राहिलं की अपराधी वाटे, मग त्याच माणसाचं दुसरं काम फुकट घ्यायच्या. शेजारच्या काकूंचं भाडेपत्र, नणंदेचं वारसपत्र. कामं वाढत, वाढली की अजून राहत, राहिली की पुन्हा अपराधी वाटे. रात्री दीड-दोनपर्यंत जागून भरपाई, आणि सकाळी डोकं जड. विसराळूपणाइतकंच हे चक्र त्यांना थकवत होतं.

आताच का?

चाळिशीला टेकलेला माणूस "लक्ष लागत नाही" म्हणत आला की पहिली चौकशी ही: हे नवं आहे की जुनं? अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, ही लहानपणापासूनची घडण असते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या निकषांत ही अट ७ वर्षांची होती. लक्षणं किमान दोन ठिकाणी, म्हणजे घर आणि काम, किंवा घर आणि शाळा, अशी दिसायला हवीत. विसर चाळिशीत नव्याने पडू लागला असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आजकाल मोबाईलमुळे सगळ्यांचंच असं झालंय, हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. बाईंची शाळा मात्र नव्वदच्या दशकात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात झाली. घरात डायलचा फोन होता. त्यांच्या आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढली आणि पानांचे फोटो पाठवले. तिसरीच्या पुस्तकात बाईंच्या अक्षरात नाव, त्यावर शाईचा डाग, आणि खाली वर्गशिक्षिकेचा शेरा: मुलगी हुशार आहे, पण खिडकीबाहेर पाहत बसते. पाचवीत: गृहपाठाची वही पुन्हा आणली नाही. आई फोनवर म्हणाल्या, "छत्र्या तर अहो मोजल्याच नाहीत आम्ही. पण कधी दंगा केला नाही हो तिने. शांत मूल."

शांत मूल म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही. धावपळ करणाऱ्या, वर्ग डोक्यावर घेणाऱ्या मुलाची शिक्षक तक्रार करतात. खिडकीबाहेर पाहणारी, पास होणारी मुलगी सुटते. मुलींत हे निदान उशिरा होतं किंवा होतच नाही, याचं हे एक मोठं कारण आहे.

मग ती वकील कशी झाली? आईंच्या बोलण्यातून तेही उलगडलं. वडील रोज संध्याकाळी कचेरीतून आले की चहा घेऊन तिच्याच टेबलाशी बसत. शिकवत नसत; आपला पेपर वाचत, हिशेबाची वही लिहीत. ती समोर अभ्यास करी. ते उठले की तीही उठे. पुढे इंदूरला कायद्याचं शिक्षण, लग्न, आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे दहाएक वर्षं उमेदवारी. त्या ऑफिसात एक जुने मुंशीजी, म्हणजे वकिलांचे कारकून, होते. पेशीच्या तारखा ते लिहीत, सकाळी त्या दिवसाच्या फायली बस्त्यात, म्हणजे गाठोड्यात, बांधून हातात देत, आणि कोर्टात दारापाशी उभे राहून सांगत, "मॅडमजी, अब तीन नंबर में." ज्येष्ठांनी प्रकृतीमुळे काम थांबवलं, मुंशीजी गावी गेले, बाईंनी स्वतःचं ऑफिस थाटलं. घसरण तिथून सुरू झाली.

अडचण आयुष्यभराची होती. आधी वडील, मग मुंशीजी ती झाकून होते. आधार गेला आणि ती उघडी पडली. हे सांगितल्यावर बाई बराच वेळ रडल्या. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपण आधी चांगल्या होतो आणि आता आळशी झालो.

तपासण्या आणि निदान

नुसत्या इतिहासावर निदान करत नाहीत. थायरॉइड मंदावला तर विसर आणि जडपणा येतो, रक्त कमी असेल, ब-१२ कमी असेल तरी येतो. झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, सततची चिंता, पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल, हेही सगळे अशीच तक्रार घेऊन येतात. बाईंचा थायरॉइड ठीक निघाला. ब-१२ कमी होतं, शाकाहारी घरांत ते पुष्कळदा सापडतं. इंजेक्शनं आणि गोळ्या घेतल्यावर थकवा कमी झाला, पाय दुखायचे थांबले. फायली तशाच हरवत राहिल्या. मनाने त्या खचल्या होत्या, पण ते खचणं मुदत हुकल्यानंतरचं होतं आणि गोंधळ त्याच्या फार आधीचा.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी सहा प्रश्नांची चाळणी आहे. ती भरून घेतली. तिने निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढं कळतं. समाजमाध्यमांवर हीच प्रश्नावली भरून स्वतःचं निदान करणारे बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी सविस्तर मुलाखत घेतली. अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी प्रौढांत किमान पाच लागतात, बाईंत सात होती. चंचलतेची फारशी नव्हती. निदान: एडीएचडी, मुख्यतः अवधानाच्या अडचणीचा प्रकार. प्रौढांत शंभरात दोन-तीन जणांना हा त्रास असतो असं मानलं जातं, म्हणजे तो दुर्मीळ नाही.

घरी मात्र मनोविकारतज्ज्ञ म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. "बाणगंगेला न्यावं लागेल का हो?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. इंदूरच्या मागच्या पिढीला मनाचा डॉक्टर म्हटलं की बाणगंगेचं मानसिक रुग्णालयच आठवतं. मी त्यांना तपासणीच्या खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पुढच्या कामात याचा फार उपयोग झाला.

औषधाबद्दल थोडक्यात. तज्ज्ञांनी रक्तदाब आणि नाडी पाहून मिथाइलफेनिडेट कमी मात्रेत सुरू केलं. हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याच्या कक्षेत येतं, तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. बाईंना फरक जाणवला: निकालाची वीस पानं एका बैठकीत वाचून झाली. दुपारची भूक मात्र मेली, म्हणून सकाळचे पोहे पोटभर खाऊन मग गोळी, असं ठरलं. त्या स्वतःच म्हणाल्या, "गोळीने बसता येतं. पण फाईल कुठे आहे ते गोळी सांगत नाही." अगदी खरं आहे. बाकीचं काम तिथून सुरू झालं.

कचरा गाडी

सुरुवातीचे उपाय फसले. फोनमध्ये इतके गजर लावले की बाई न बघता ते बंद करू लागल्या. रंगीत तक्ता भिंतीवर लावला, आठवडाभर भरला, नंतर तो भिंतीचा भाग झाला. डायऱ्या तर पाच होत्या: कोर्टाची, घरची, फोनमधली, पर्समधल्या चिठ्ठ्या, आणि तळहात.

एका भेटीत मी विचारलं, अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही कधीच विसरत नाही? बाईंना सुचेना. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "कचरा गाडी. एक दिवस चुकली नाही हिची."

इंदूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. २०१७ पासून हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिलं येत गेलं, त्यामागे रोज दारात येणारी ही गाडी आहे. गाणं वाजवत ती ठरल्या वेळी गल्लीत शिरते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा. एकत्र दिला तर गाडीवाला परत करतो. घरी डबे दाराशीच असतात. गाणं कानावर पडलं की बाई पोळी लाटता लाटता उठतात, डबे उचलतात, बाहेर जातात.

मी त्यांना म्हटलं, बघा, हे का जमतं? आठवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. आवाज बाहेरून येतो, त्याच वेळी येतो, वस्तू दाराशी दिसत असतात, काम दोन मिनिटांत होतं, आणि चूक झाली तर तिथल्या तिथे कळते. मुंशीजी हेच करत होते. तुमच्या फायलींना हे सगळं मिळवून द्यायचं आहे.

सासूबाईंनीच पुढचं ठरवून टाकलं. "मग डबे देऊन आलीस की चप्पल काढायच्या आधी डायरी बघ. मी तिथेच ठेवीन." चपलांच्या मांडणीवर डायरीची जागा झाली. गाडी, डबे, डायरी, आणि आजच्या फायली बॅगेत. बाकीच्या चार डायऱ्या बंद.

याच धर्तीवर बाकीचं बसवलं. पेशी संपली की पुढची तारीख कोर्टरूमच्या दाराच्या आत लिहायची. दार ओलांडलं की कोणीतरी भेटतं आणि तारीख जाते. "लक्षात ठेवून लिहीन" असा निश्चय टिकत नाही. "दार दिसलं की डायरी उघडेन" असा, जागेला बांधलेला, पुष्कळ अधिक टिकतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा जर-तर संकल्पांचा बराच अभ्यास केला आहे. मुदतीच्या फायलींना एकच लाल बस्ता, तो कपाटात ठेवायचा नाही, टेबलावर उघडा. बाईंच्या बाबतीत कपाटात गेलेली वस्तू जगातून गेलेली असते. डायरीत शेवटची तारीख लिहायची नाही असंही ठरलं. तिसाव्या दिवसाऐवजी मसुद्याचा दिवस आणि तिकिटाचा दिवस लिहायचा. लांबची तारीख या मनाला दिसत नाही, ती अंगावर आल्यावरच दिसते.

वडिलांची जागा मुलीने घेतली. रात्री आठ ते नऊ दोघी जेवणाच्या टेबलाशी बसतात, ती गृहपाठ करते, आई कागद आवरते. मुलीला सांगून ठेवलं आहे की आईवर नजर ठेवणं हे तिचं काम नाही. ही काळजी मला आवश्यक वाटली, कारण अशा घरांत मुलं फार लवकर मोठी होतात. नवऱ्याचे फोन बंद झाले. त्याऐवजी रात्री एकच प्रश्न: उद्याचा बस्ता भरला का?

नाही म्हणण्यासाठीही एक नियम केला. आलेल्या पक्षकाराचा वकालतनामा त्याच भेटीत घ्यायचा नाही. "डायरी बघून उद्या सांगते." नात्यातल्यांनाही तेच वाक्य. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं, अजून जातं.

मोडणं आणि पुन्हा बसवणं

गणपतीत सगळं कोलमडलं. पाहुणे, रात्री उशिरा जेवणं, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची, मिरवणूक. डायरीवर पाहुण्यांच्या पिशव्या आल्या. बाई मला फोन करून म्हणाल्या, "संपलं मॅडम, माझ्याच्याने होत नाही." व्यवस्था मोडणं या त्रासात ठरलेलं आहे, नवेपणा गेला की कोणतीही पद्धत निस्तेज होते. म्हणून ती कधीच मोडू नये असा हट्ट आम्ही धरला नाही. मोडल्यावर काय करायचं ते कागदावर लिहिलं: आधी फक्त लाल बस्ता शोधायचा, तो सापडेपर्यंत दुसरं काही आवरायचं नाही, मग डायरी जागेवर, बाकी हळूहळू. तो कागद सासूबाईंच्या पोथीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. दिवाळीनंतर तो कामी आला.

नऊ महिने झाले. मुदत एकही हुकलेली नाही. एकदा पेशी चुकली, प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. आता सकाळच्या डायरीसोबत ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या दिवसाची यादीही बघतात. छत्री आणि डबा अजून कोर्टात राहतो, त्यावर आम्ही वेळ घालवलेला नाही. झोप रात्री बारापर्यंत आली आहे. औषध चालू आहे, तज्ज्ञ दर काही आठवड्यांनी रक्तदाब बघतात.

सध्या आमच्यापुढे एकच काम आहे. सासूबाई उन्हाळ्यात काही महिने धाकट्या मुलाकडे पुण्याला जाणार आहेत. वडील, मुंशीजी यांच्या वेळी जे झालं तेच पुन्हा होऊ शकतं. म्हणून त्या इथे असतानाच त्यांची कामं एकेक करून दुसरीकडे सोपवायला सुरुवात केली आहे. डायरी चपलांच्या मांडणीला दोरीने बांधली आहे, गॅसला वेळ लावून आपोआप बंद होणारी कळ बसवली आहे. आणि ऑफिसात एक ज्युनिअर घ्यायची ठरली आहे. तिला पहिल्या दिवशी काय सांगायचं, याची यादी बाई स्वतः लिहीत आहेत. यादीत पहिलं काम आहे, रोज सकाळी फायली बस्त्यात बांधून हातात द्यायच्या. त्याखाली त्यांनी लिहिलंय: मला एडीएचडी आहे, हे तिला सांगायचं. हे सांगावं की नाही यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही, पुढच्या भेटीत दोघंही येणार आहेत.